विहिरीच्या पाण्याला पेट्रोलचा वास आणि जागेवर नेलेलं जीसी यंत्र: अनुभव आणि चर्चा

पाझर | शनिवार, रात्री ९:४०

मागच्या आठवड्यात पाणी तपासणीच्या धाग्यावर कोणीतरी विचारलं होतं की विहिरीच्या पाण्याला रॉकेलसारखा वास येतोय, ऑनलाइन मिळणारा व्हीओसी मीटर (पेट्रोल, थिनरसारख्या हवेत उडून जाणाऱ्या सेंद्रिय पदार्थांची वाफ मोजणारा) घेऊ का. तिथे दोन ओळींत सांगून भागणार नव्हतं म्हणून वेगळा धागा काढतेय. मी पुण्यातल्या एका पर्यावरण तपासणी लॅबमध्ये नऊ वर्षं काम करते, गॅस क्रोमॅटोग्राफी म्हणजे जीसी हेच माझं रोजचं काम. बाहेर नेता येतं असं छोटं जीसी यंत्र आम्ही भाड्याने आणलं होतं आणि त्यावर केलेल्या एका कामाबद्दल लिहितेय. गावाचं नाव आणि संबंधितांची नावं देत नाही.

हायवेला लागून असलेलं गाव. एका घरातल्या आजींना पहिल्यांदा चहाला वास जाणवला. आठवडाभर त्या भांडी घासायच्या साबणाला दोष देत होत्या, मग एक दिवस सकाळी पोहरा वर काढला तेव्हा पाण्यावर हलकी रंगीत साय दिसली. विहीर अख्ख्या वस्तीची, सहा घरं त्यावर. विहिरीपासून साठेक मीटरवर गाडी दुरुस्तीचं गॅरेज आणि रस्त्याने गेलं तर तीनशे मीटरवर पेट्रोल पंप. सगळ्या गावाचा संशय गॅरेजवर, कारण तिथे जमिनीवर ऑइल सांडलेलं डोळ्यांना दिसतं. दोन घरांमध्ये आणि गॅरेजवाल्यामध्ये भांडण पोलीस पाटलापर्यंत गेलं होतं. गावातल्या एका मुलाने पाणी मिनरल वॉटरच्या बाटलीत भरून, एसटीने पुण्याला आणून एका लॅबला दिलं, त्यांनी पीएच, क्षार, कोलिफॉर्म जिवाणू तपासून ‘ठीक’ असा रिपोर्ट दिला. तो रिपोर्ट खोटा नव्हता, पण जे शोधायचं होतं ते त्यात तपासलंच नव्हतं. आणि तपासलं असतं तरी अर्धी भरलेली प्लास्टिकची बाटली चार तास उन्हात हिंदकळल्यावर त्यात बेंझीन, म्हणजे पेट्रोलमधला लवकर उडून जाणारा विषारी घटक, कितीसं उरणार.

आता मीटरचं. बाजारात जो हातातला चांगला व्हीओसी मीटर मिळतो तो बहुतेक पीआयडी, म्हणजे फोटोआयोनायझेशन डिटेक्टर, असतो. आत एक यूव्ही दिवा, साधारण १०.६ इलेक्ट्रॉनव्होल्टचा, तो वाफेच्या रेणूंमधला इलेक्ट्रॉन उडवतो आणि त्यातून जो करंट येतो तो आकडा म्हणून दिसतो. बेंझीन आणि त्याचे पेट्रोलमधलेच सोबती टोल्युइन, झायलीन सगळे त्यात सापडतात, पण सगळ्यांची बेरीज मिळून एकच आकडा, आणि तोही आयसोब्युटिलीन नावाच्या गॅसच्या मापात. समोर पेट्रोलची वाफ आहे की थिनर आहे की कोणाच्या हाताचं सॅनिटायझर आहे हे त्याला कळत नाही. पावसाळ्यात दमट हवेत तो आकडा आपोआप हलतो ते वेगळंच. विहिरीच्या तोंडाशी मीटर धरला, काटा वर गेला, म्हणजे काहीतरी आहे एवढंच कळलं. भांडण सोडवायला ते पुरत नाही.

जीसी काय करतं तर आधी वेगळं करतं आणि मग मोजतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: तुळशीबागेच्या एका टोकाने पन्नास माणसं एकदम आत सोडली अशी कल्पना करा. ज्याला काही घ्यायचं नाही तो सरळ चालत दोन मिनिटांत बाहेर, आणि जी प्रत्येक दुकानाशी थांबते ती तासाने. जीसीमधली गल्ली म्हणजे केसासारखी बारीक नळी, आतून सिलिकोनसारख्या पदार्थाचा थर दिलेली, आणि ढकलणारा म्हणजे वाहक वायू. हलका, लवकर उकळणारा पदार्थ आधी बाहेर येतो. बेंझीन ८० अंशांना उकळतं, टोल्युइन १११, एथिलबेंझीन १३६, झायलीनची भावंडं १३८ ते १४४, त्याच क्रमाने पडद्यावर एकामागून एक शिखरं उभी राहतात. शिखर कधी आलं त्यावरून कोण ते कळतं, आणि त्याच्या क्षेत्रफळावरून किती. लॅबमधली नळी ३० मीटरची आणि तिला तापवायला अख्खी भट्टी, बाहेर न्यायच्या यंत्रात नळी आखूड आणि तिच्याच अंगाला तापवायची तार लावलेली, म्हणून बॅटरीवर चालतं आणि पाच-सात मिनिटांत एक रन होतो. शेवटी डिटेक्टर आमच्या यंत्रात तोच पीआयडी होता, फक्त आता त्याच्यापुढे एकेक जण रांगेने येत होता.

उद्या पुढचं लिहिते, खूप लांबलं.

घाटवळण | शनिवार, रात्री १०:१५

वाचतोय. तुळशीबागेमुळे बारावीला न कळलेलं आज कळलं. एक प्रश्न, हेलियमचा सिलिंडर लागतो ना जीसीला? तो गावात कसा नेलात?

पाझर | रविवार, सकाळी ७:५०

काही यंत्रांना लागतो, छोटी कुपी असते. काहींना नायट्रोजन चालतो. आमचं यंत्र बाहेरचीच हवा कोळशाच्या गाळणीतून साफ करून आणि कोरडी करून तीच वाहक म्हणून वापरायचं. सोय मोठी, पण हवेतल्या ऑक्सिजनमुळे गरम नळीतला थर खराब होतो म्हणून फार तापवता येत नाही. म्हणजे जड पदार्थ, उदाहरणार्थ डिझेलचा मोठा भाग, बाहेरच येत नाही. पेट्रोल छान दिसतं, डिझेल जवळजवळ नाही. हे माहीत नसलेला माणूस ‘काही सापडलं नाही’ म्हणून मोकळा होईल.

आता कामाचं. पहिला दिवस वाया गेला, ते आधी सांगते कारण त्यातून जास्त शिकायला मिळालं.

गावात पोचलो, जीप विहिरीजवळ लावली, बोनेटवर यंत्र ठेवलं, उत्साहात पहिलाच नमुना वाईट विहिरीचा. बाटलीत अर्धं पाणी, अर्धी रिकामी जागा, मिनिटभर हलवलं, वरची हवा सिरिंजने ओढून थेट यंत्रात. पडद्यावर शिखर नाही, भिंतच उभी राहिली. आतला सापळा, म्हणजे वाफ धरून ठेवणारी छोटी नळी, पार भरून गेली होती. त्यानंतर साफ हवा सोडली तरी तेच टोल्युइन, तेच झायलीन, पुन्हा पुन्हा. तीन तास यंत्र नुसतं तापवून साफ करत बसलो. आणि मग जेव्हा साफ झालं तेव्हा ब्लँक घेतला, म्हणजे काहीही न घालता रन, तर त्यातही बेंझीन आणि टोल्युइन! ते आलं होतं आमच्याच जीपच्या टाकीतून, ऊन तापलं होतं आणि झाकणातून वाफ येत होती. म्हणजे त्या जागेवर आम्ही कुठल्याही विहिरीचं पाणी घातलं असतं तरी ‘पेट्रोल सापडलं’ असंच आलं असतं आणि एखाद्याच्या धंद्यावर आम्ही शिक्का मारून आलो असतो. हे आठवलं की अजूनही पोटात खड्डा पडतो.

दुसऱ्या दिवशी जीप शाळेपाशी सोडली आणि शाळेच्याच ओसरीवर टेबल मांडलं, वाऱ्याच्या वरच्या बाजूला. सकाळी पहिला रन रिकामा. दुसरा, आमच्या उकळून थंड केलेल्या डिस्टिल्ड पाण्याचा. तिसरा त्याच पाण्यात माहीत असलेल्या मापाचं बेंझीन-टोल्युइनचं द्रावण घालून. मगच विहिरी, आणि त्याही संशय कमी असलेल्यापासून जास्त असलेल्याकडे. प्रत्येक चौथ्या नमुन्यानंतर पुन्हा रिकामा. यंत्रात घालण्याआधी बाटलीतली हवा हातातल्या मीटरने हुंगायची, आकडा मोठा आला तर शंभरपट पातळ करूनच आत.

अजून एक गोष्ट, तापमान. पाण्यातून हवेत किती बेंझीन येणार हे पाणी किती कोमट त्यावर ठरतं. सकाळची विहीर गार आणि दुपारची बाटली गरम असली तर एकाच पाण्याचे दोन आकडे येतात. म्हणून सगळ्या बाटल्या स्टीलच्या डब्यात कोमट पाण्यात दहा मिनिटं बसवायच्या, थर्मासमधून गरम पाणी ओतत तापमान ४० अंशांवर धरायचं. शाळेतल्या मुलांनी थर्मामीटर बघायचं काम आपणहून घेतलं होतं आणि अतिशय चोख केलं.

सुरंगी | रविवार, सकाळी ९:३०

काय सापडलं ते सांग ना ताई, गॅरेज की पंप?

पाझर | रविवार, सकाळी ११:०५

सांगते. त्या दिवशी चौदा विहिरी आणि बोअर केले. गॅरेजच्या अगदी कुंपणाला लागून एक बोअर आहे, त्यात काहीही नाही, स्वच्छ. वस्तीच्या विहिरीत भरपूर. आणि मग जे अपेक्षित नव्हतं ते म्हणजे ओढ्यापलीकडे, वस्तीच्याही पुढे, एका मळ्यातल्या विहिरीत बारीक पण स्पष्ट बेंझीन. त्या मालकाला वासही येत नव्हता, घरचे तेच पाणी पीत होते. चौथी एक विहीर पंपाच्या मागच्या शेतात, वापरात नसलेली, तिच्यात सगळ्यात जास्त. बाकी दहा रिकाम्या. नकाशावर त्या तीन विहिरी जोडल्या तर जवळजवळ सरळ रेघ, आणि रेघेचं टोक पंपाच्या मागे.

आपल्याकडे खाली दख्खनचा काळा कातळ आहे. वाळूत पाणी पसरतं तसं कातळात पसरत नाही, भेगेने जातं. म्हणून साठ मीटरवरचा बोअर साफ आणि पाचशे मीटरवरची विहीर बाधित असं होतं. जवळचा तो दोषी हा हिशेब कातळात चालत नाही, आणि दोन-तीन नमुने लॅबला पाठवून ही रेघ कधीच दिसली नसती. एका दिवसात चौदा विहिरी करता आल्या, आणि चौथीत काय आलं ते बघून पाचवी कुठली घ्यायची ते तिथल्या तिथे ठरवता आलं, या कामात यंत्राचा खरा उपयोग तो.

शिवाय प्रमाण. बेंझीन पाण्यात सगळ्यात जास्त विरघळतं, लिटरला पावणेदोन ग्रॅमच्या आसपास, टोल्युइन अर्धा ग्रॅम, झायलीन त्याहून बरंच कमी. त्यामुळे ताजं पेट्रोल पाण्यात उतरत असेल तर बेंझीन आणि टोल्युइनची शिखरं झायलीनच्या मानाने उंच दिसतात. गॅरेजमध्ये सांडतं ते मुख्यतः इंजिन ऑइल, डिझेल, भाग धुवायचं रॉकेल, त्याचं चित्र वेगळं. आम्ही गॅरेजच्या मोरीतलं पाणीही मुद्दाम तपासलं, त्यात बेंझीन जवळजवळ नव्हतं.

रसायनकाका | रविवार, दुपारी ४:२०

पाझर, लेख मन लावून वाचला. मी सरकारी प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काढून निवृत्त झालो, तेव्हा थोडं कठोर बोलतो, राग मानू नकोस. तुझ्या त्या शिखरांना कायद्यापुढे काही वजन नाही. १९७४ च्या जल कायद्यात कलम २१ वाच. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने नमुना घ्यायचा, संबंधिताला तिथल्या तिथे नोटीस, त्याच्यासमोर दोन भाग, दोन्ही सीलबंद, सह्या, आणि मान्य प्रयोगशाळेचा अहवाल. भाड्याच्या यंत्रावर शाळेच्या ओसरीत काढलेला आलेख घेऊन कोणी उभं राहिलं तर समोरचा वकील पाच मिनिटांत उडवेल.

दुसरं, शास्त्राचं. पीआयडी डिटेक्टर आहे म्हणतेस, मग बेंझीनच्या वेळेला आलेलं शिखर बेंझीनच कशावरून? सायक्लोहेक्झेन ८१ अंशांना उकळतं. ते पेट्रोलमध्ये असतंच, आणि तुझ्या १०.६ च्या दिव्याला दिसतंही.

पाझर | रविवार, संध्याकाळी ६:४५

काका, राग कसला, हेच दोन प्रश्न यायला हवे होते.

सायक्लोहेक्झेनचं अगदी बरोबर. आखूड नळीत ती दोन शिखरं खेटून येतात. आम्ही दोन गोष्टी केल्या. एक, सायक्लोहेक्झेनचं वेगळं द्रावण नेलं होतं, ते घालून बघितलं की आमच्या नळीवर ते नेमकं कुठे येतं, आणि तिथे किंचित खांदा दिसला तेव्हा तापमान हळू चढवून दोन्ही वेगळी केली, रन पाचचा नऊ मिनिटांचा झाला. दोन, पाण्याचा नमुना असल्यामुळे निसर्गाचीच मदत, सायक्लोहेक्झेन पाण्यात बेंझीनच्या मानाने अगदीच कमी विरघळतं. जिथे पाण्यावर तेलाची साय होती त्या विहिरीत मात्र हा युक्तिवाद चालत नाही, म्हणून तिथला आकडा आम्ही ‘बेंझीन आहे’ एवढाच धरला, किती ते लॅबवर सोडलं.

आणि कायद्याचं, मला मान्य आहे. आम्ही या यंत्राचा एकही आकडा तक्रारीत पुरावा म्हणून लावला नाही. त्या तीन आणि दोन साफ विहिरींचे नमुने रीतसर घेतले. ४० मिलीच्या काचेच्या बाटल्या, टेफ्लॉनचं बूच, वर हवेचा बुडबुडाही राहू द्यायचा नाही, आम्ल घालून पीएच २ च्या खाली, बर्फात, आणि चौदा दिवसांच्या आत लॅबच्या जीसी-एमएसवर (एमएस म्हणजे जीसीला जोडलेला मास स्पेक्ट्रोमीटर, तो रेणूच्या तुकड्यांच्या वजनावरून नाव पक्कं करतो). पोहरा आपटत नाही, बारीक नळकांडं हळूच खाली सोडून पाणी काढायचं, मोटर चालू करून धारेखाली बाटली धरली तर अर्धं बेंझीन तिथेच उडून जातं. लॅबने तिन्हींमध्ये बेंझीन पक्कं केलं, ओढ्यापलीकडच्या मळ्यातल्या विहिरीतसुद्धा जागतिक आरोग्य संघटनेच्या लिटरला १० मायक्रोग्रॅम या मर्यादेच्या वर. तो रिपोर्ट तक्रारीला जोडला, मग अधिकारी आले आणि त्यांनी कलम २१ प्रमाणे त्यांचे नमुने घेतले. पण कुठल्या विहिरीवर यायचं हे त्यांना आधीच माहीत होतं.

रसायनकाका | रविवार, संध्याकाळी ७:३०

असं असेल तर माझा आक्षेप मागे घेतो. गावकऱ्यांना हेही सांग की कलम ४९ प्रमाणे साठ दिवसांची नोटीस देऊन सामान्य नागरिकही स्वतः फिर्याद दाखल करू शकतो. फार थोड्यांना माहीत आहे.

तुझ्या जीपवरून एक जुनी गोष्ट. १९७६ साली व्हायकिंग यानांनी मंगळावर जीसी-एमएस नेलं. मातीचे नमुने तापवले तेव्हा क्लोरीन असलेले साधे पदार्थ दिसले आणि त्या वेळी ठरवलं की ही पृथ्वीवरून यानाबरोबर आलेली सफाईच्या सॉल्व्हंटची घाण. मग २००८ मध्ये फिनिक्स यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट, म्हणजे क्लोरीन असलेला एक क्षार, सापडलं, आणि तेव्हापासून तेच पदार्थ मातीतून तापवताना तयार झाले असतील अशी चर्चा सुरू झाली. बत्तीस वर्षं. ब्लँकमध्ये जे दिसतं ते नमुन्यात नाहीच असंही म्हणता येत नाही, आहे असंही नाही. तू जागा बदलून सगळं पुन्हा केलंस ते योग्य केलंस.

मीरा_डोंबिवली | रविवार, रात्री ९:१०

पाझर, हवेबद्दल विचारायचंय. आम्ही डोंबिवली एमआयडीसीजवळ राहतो, रात्री एक ते तीनच्या दरम्यान गोडसर, डोकं धरणारा वास येतो, सकाळी कोणी तपासायला येईपर्यंत काही नसतं. तिथल्या कारखान्यांतला २०१६ चा आणि २०२४ चा स्फोट दोन्ही आम्ही बघितलेत, खिडक्यांच्या काचा गेल्या होत्या, त्यामुळे वास आला की झोप लागतच नाही, मुलीला दम्याचा त्रास आहे. सोसायटीने वर्गणी काढून असं यंत्र आठवडाभर भाड्याने घेतलं तर उपयोग होईल का?

पाझर | रविवार, रात्री १०:२०

मीराताई, तुमची काळजी अगदी खरी आहे, म्हणून जे आहे तसं सांगते. हवेतलं काम पाण्यापेक्षा कितीतरी अवघड. आपल्याकडे हवेतल्या बेंझीनची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे पीपीबीत (हवेच्या अब्ज भागांत किती भाग) दीडच्या आसपास. एवढ्या बारीक पातळीला यंत्राला आधी बरीच हवा सापळ्यातून ओढून साठवावी लागते आणि मग सोडावी लागते, आणि खाली रस्त्यावरच्या रिक्षांचंही बेंझीन त्यात येतंच.

आणि वास म्हणजे व्हीओसीच असं नाही. सडक्या अंड्याचा असेल तर हायड्रोजन सल्फाइड, कांदा-लसणासारखा असेल तर मर्कॅप्टन, हे बेंझीनसाठी लावलेल्या यंत्राला धड दिसत नाहीत, आणि नाकाला मात्र इतक्या कमी प्रमाणात कळतात की यंत्र मागे पडतं. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईत चेंबूर, घाटकोपरपासून पवईपर्यंत लोकांना एका रात्री गॅसचा वास आला होता ते आठवत असेल, तासाभरात अग्निशमन दलाचे फोन खणखणत होते. गोडसर म्हणताय तर सॉल्व्हंट असू शकेल, आणि ते जीसीत दिसतात, पण नाव पक्कं करायला एमएस लागेल.

यंत्राआधी एक फुकटातलं काम करा. दोन महिने वही ठेवा. तारीख, वेळ, वास कसा, वारा कुठून, कुठल्या मजल्यावर, किती वेळ. चार-पाच घरांनी वेगवेगळ्या ठिकाणी स्वतंत्र लिहायचं, एकमेकांना न विचारता. मग यंत्र कुठल्या रात्री आणि कुठल्या गच्चीवर लावायचं ते कळेल.

ह्यूस्टनवासी | सोमवार, सकाळी ६:३०

मूळचा चिपळूणचा, इथे रिफायनरीच्या हवा तपासणीत काम करतो. मीराताईंना अजून एक मार्ग. इथे २०१५ च्या नियमानंतर प्रत्येक रिफायनरीला कुंपणावर बारीक नळ्या लावाव्या लागतात, आत शोषक पदार्थ, पंप नाही, वीज नाही, नुसत्या टांगून ठेवायच्या. दोन आठवड्यांनी काढून लॅबला, नवीन लावायच्या, वर्षभर. कुंपणावरच्या सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी आकड्यातला फरक वर्षाच्या सरासरीने घनमीटरला ९ मायक्रोग्रॅमच्या वर गेला तर कंपनीला कारण शोधून दुरुस्त करावंच लागतं. नळीमुळे रात्र निसटत नाही, पण कुठली रात्र ते कळत नाही. जागेवरच्या जीसीला रात्र कळते पण ती रात्र जागून पकडावी लागते. दोन्ही लागतं.

मार्च २०१९ मध्ये इथे ह्यूस्टनजवळ डियर पार्कला रसायनांच्या टाक्यांना आग लागली होती, १७ तारखेला सुरू झाली. आग विझली असं वाटलं त्यानंतर, २१ तारखेला बेंझीन वाढलं आणि लोकांना घरात दारं बंद करून बसायला सांगितलं. धूर दिसत होता तेव्हा सगळे जागे होते, धूर गेल्यावर जे आलं ते फक्त यंत्रांना दिसलं.

आणि भारतातही लोकांनी स्वतः हवा पकडलीय हे विसरू नका. तमिळनाडूत कडलूरच्या सिपकॉट औद्योगिक वसाहतीतल्या गावकऱ्यांनी २००४ च्या सुमारास प्लास्टिकच्या बादलीत पिशवी बसवून, वास यायच्या क्षणी हवा भरून लॅबला पाठवली होती. महागडं यंत्र नाही, फक्त वास आला की धावत जाणारी माणसं.

घाटवळण | सोमवार, सकाळी ८:४०

विशाखापट्टणमच्या गॅसगळतीच्या वेळी, ७ मे २०२० ला, तो स्टायरीन (प्लास्टिक बनवायला लागणारं द्रव) होता ना? तिथे असं यंत्र असतं तर?

पाझर | सोमवार, दुपारी १:१५

हो, स्टायरीन. टाकीचं तापमान वाढलं आणि पहाटे लोक झोपेत असताना वाफ पसरली, बारा माणसं गेली. तिथे माणसं वाचवायला आधी टाकीवरचा तापमापक आणि भोंगा हवा होता, जीसी नंतर. पण नंतर घरी परत कधी जायचं, कुठल्या गल्लीत अजून वाफ साचलीय, हे ठरवायला अशी यंत्रं खूप कामाची. फक्त एक, स्टायरीन १४५ अंशांना उकळतं आणि ऑर्थो-झायलीन १४४ ला. साध्या नळीवर दोन्ही जवळजवळ एकाच वेळी बाहेर येतात. नुसत्या वेळेवर विसंबणारा माणूस एकाला दुसरं समजेल. म्हणून मी पुन्हा पुन्हा म्हणते की कुठे काय तपासायला चाललोय ते आधी ठरवून, त्याचं द्रावण बरोबर नेऊनच जायचं.

मळेकरी | सोमवार, संध्याकाळी ७:००

आमच्या पण विहिरीला वास येतो, पंप जवळच आहे. मी उद्या उतरून बघणार होतो की पाणी कुठल्या झऱ्यातून येतंय ते.

पाझर | सोमवार, संध्याकाळी ७:०४

दादा, कृपा करून उतरू नका. कोणालाही उतरवू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती विहिरीत खाली साचते, माणूस दोन-तीन श्वासांत भोवळ येऊन पडू शकतो आणि त्याला काढायला गेलेला दुसराही. शिवाय हवेत दीड टक्क्याच्या आसपास वाफ झाली की एका ठिणगीने पेट घेते, मोटरचं बटणसुद्धा पुरतं. विहिरीवर बिडी नको, मोटर तूर्त बंद, ते पाणी पिण्याला नको. आणि उकळून चालेल असंही समजू नका, उकळताना तीच वाफ स्वयंपाकघरात येते. गाव आणि तालुका कळवा, मला निरोप पाठवा, बाटल्या कुरिअरने पाठवते, कशा भरायच्या ते फोनवर सांगते.

मळेकरी | सोमवार, संध्याकाळी ७:२०

बरं झालं विचारलं. नाही उतरत. निरोप पाठवलाय.

सुरंगी | सोमवार, रात्री ९:००

पाझरताई, त्या गावाचं पुढे काय झालं? आजींची विहीर सुधारली का?

पाझर | सोमवार, रात्री १०:३०

पंपाची एक जमिनीखालची पाइपलाइन सांध्यात गळत होती, ती बदलली. गॅरेजवाल्याशी अबोला होता त्या घरांनी त्याच्या मुलीच्या बारशाला जाऊन तो संपवला, हे मला शाळेतल्या गुरुजींनी कळवलं.

पाणी मात्र लगेच सुधारत नाही. उन्हाळ्यात पाण्याची पातळी खाली गेली की पेट्रोल भेगांच्या अंगाला चिकटून राहतं, पाऊस पडून पातळी वर आली की तेच पुन्हा पाण्यात उतरतं. मार्चमध्ये आम्ही गेलो तेव्हा शिखर इतकं लहान होतं की सगळे खूश झाले, मी सांगितलं की ऑगस्टपर्यंत थांबा. ऑगस्टमध्ये तिप्पट. आणि आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, जमिनीतले जिवाणू आधी ते खातात आणि बेंझीनकडे उशिरा वळतात, म्हणजे अजून वेळ. ओढ्यापलीकडच्या मळ्यात ग्रामपंचायतीने नळ दिलाय. वस्तीला टँकर आहे.

गेल्या महिन्यात परत गेलो होतो, पाचवी फेरी. यंत्र तेच, ओसरी तीच, थर्मामीटर धरणारी मुलं आता आठवीत आहेत. मळ्यातल्या विहिरीत या वेळी काही दिसलं नाही, लॅबची बाटली अजून यायचीय. आजींच्या विहिरीत बेंझीन आहे अजून. त्यांनी पोहरा धुऊन पुसून माळ्यावर ठेवलाय, आणि दर वेळी आलो की विचारतात, काढू का खाली. पुढची फेरी दिवाळीनंतर.